सर्वानुमते प्रभाकाकू

प्रभाकाकूंनी कपाटाच्या वरच्या फळीवरची पिशवी ओढली आणि पलंगावर उपडी केली. अशी पिशवी प्रत्येक मराठी घरात असते, मग ते घर बार्शीत असो नाहीतर जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये. आलेले ब्लाउजपीस तिच्यात जातात आणि द्यायची वेळ आली की तिच्यातूनच बाहेर पडतात. शिंप्याचा त्यात कुठेही संबंध येत नाही.

"मुक्ता, यातला एक तरी धड आहे का गं? हा बघ. यातून चहा गाळावा."

मुक्ता, त्यांची सून, कानात हेडफोन घालून दारात उभी होती. "आई, हळू बोला ना. मीटिंग चालू आहे. म्यूटवर आहे मी."

"म्यूटवर तू आहेस. मी कशाला हळू बोलू?"

काकूंचं म्हणणं बरोबर होतं. बहुतेक वेळा ते बरोबरच असायचं, आणि लोकांना तोच तर त्रास होता.

काकू शाळेत गेल्या त्या चौथीपर्यंत. पण पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागे त्यांनी तीस वर्षं खानावळ चालवली होती, आणि त्यांच्या पंगतीतून उठलेले किती तरी इंजिनिअर आज इथे गाड्या बनवत होते. प्लांटमध्ये ज्यांना लोक 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायचे, त्यांना काकू भर बाजारात "ए अर्धी पोळी!" अशी हाक मारायच्या. एकीला म्हणाल्या होत्या, तुझी पुरणपोळी दाराखाली लाव, दार वाऱ्याने आपटणार नाही. एका हौशी गायकाला भर कार्यक्रमात म्हणाल्या होत्या, "बाळ, तीन शिट्ट्या झाल्या, आता गॅस बंद कर." त्यामुळे गावातली निम्मी मराठी माणसं काकूंवर जीव टाकायची आणि निम्मी त्यांना सुपरमार्केटात पाहिलं की दह्याच्या कपाटामागे लपायची. मधला माणूस शोधून सापडला नसता.

अशा या काकू मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभ्या होत्या.

मंडळ फुटलं त्याला दोन वर्षं झाली होती. निवडणूक झाली भारतात आणि भांडण झालं इथे, दिवाळीच्या जेवणाच्या रांगेत. कपिल, काकूंचा मुलगा, एका बाजूने बोलला. श्रीनाथ दुसऱ्या बाजूने बोलला. श्रीनाथ म्हणजे कपिलचा जिवलग. दोघे काकूंच्या खानावळीत एका ताटात जेवलेले, एकाच विमानाने इथे आलेले, रोज एकाच गाडीतून प्लांटला जाणारे. ज्या पुढाऱ्यांवरून ते भांडले, ते पुढारी पुढच्याच महिन्यात म्हणे एकमेकांच्या घरच्या लग्नात गळ्यात गळे घालून फोटो काढत होते. पण इथे श्रीखंडाचा डाव खाली ठेवेपर्यंत मंडळाचे दोन तुकडे झाले होते. कपिलकडच्यांचं 'मंडळ' आणि श्रीनाथकडच्यांचं 'मूळ मंडळ'. मखर इकडे आलं, समई तिकडे गेली. झांजांची एक जोडी होती, तिच्यातली एक झांज इकडे आली आणि एक तिकडे गेली. इकडची झांज चपलांच्या कपाटावर उताणी पडून असे. राजाभाऊ, म्हणजे काकूंचे यजमान, तिच्यात किल्ल्या ठेवत. कपिल आणि श्रीनाथ अजूनही रोज सकाळी एकाच गल्लीतून, एकाच वेळी, एकाच प्लांटला जायचे. दोन गाड्यांतून.

काकूंना हे खुपायचं. तोंडाने त्या कबूल करत नसत, पण रविवारी मटकीची उसळ केली की हात आपोआप एक वाटी जास्त काढायचा. श्रीनाथची. मग ती वाटी राजाभाऊंना संपवावी लागायची.

यंदा गणपतीच्या हॉलसाठी दोन अर्ज गेले. मंडळाचं नाव एक, तारीख एक, अध्यक्ष दोन. हॉल सांभाळणाऱ्या हेर ब्रुनर यांनी दोन्ही अर्ज शेजारीशेजारी ठेवले आणि कळवलं, की आमच्याकडे नोंदलेली संस्था एक आहे, तेव्हा तिचा अध्यक्षही एकच असेल. रविवारी सगळे या आणि माझ्यासमोर निवडा. नाहीतर ती तारीख ससे पाळणाऱ्यांच्या मंडळाला जाईल, ते रांगेत आहेत.

"गणपतीची जागा सशांना?" काकू कडाडल्या. "उंदराला काय तोंड दाखवायचं आपण?"

दोन्ही गटांना एकमेकांचा माणूस नको होता. म्हणून काकूंनी स्वतःचं नाव स्वतःच पुढे केलं. झालं, दोन्ही व्हॉट्सअॅप ग्रुपांत एकच चर्चा सुरू झाली: काकू मंडळ जोडतील, की उरलंसुरलंही तोडतील? एकाने लिहिलं, 'या लोकांना धाकच पाहिजे. काकूच पाहिजेत.' लगेच खाली दुसऱ्याने लिहिलं, 'काकू सोडून कोणीही. ससेसुद्धा चालतील.'

"अहो, मी निवडून आले ना," काकू राजाभाऊंना म्हणाल्या, "तर पहिलं काम काय करीन माहितीये? माझ्या खुर्चीच्या एका अंगाला कपिल, दुसऱ्या अंगाला श्रीनाथ. असे दोघांना बसवीन. बघते कसे बोलत नाहीत एकमेकांशी."

राजाभाऊ सोफ्यावर पेपर चाळत होते. जर्मन पेपर. त्यांना वाचता येत नव्हता, पण हवामानाची चित्रं कळायची. "तू मध्ये बसल्यावर त्यांना बोलायला सापडेल होय?" एवढंच ते म्हणाले.

काकूंचा बेत तयार होता. श्रावण चालू होता. मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी हळदीकुंकू ठेवायचं. बायका आल्या की मतं आली. खानावळीत तीस वर्षं हिशेब चुकला नव्हता, इथे कसा चुकेल? मात्र दोन्ही गटांना वेगवेगळं बोलवायचं. चार वाजता कपिलच्या गटातली मीनल आणि तिच्या मंडळाच्या बायका. त्या गेल्या, की सहा वाजता श्रीनाथची बायको विभावरी आणि तिच्या मूळ मंडळाच्या.

"आई, एकत्रच बोलवा ना सगळ्यांना," मुक्ता म्हणाली.

"एकत्र बोलावलं तर कोणाला काय सांगणार मी?"

आणि काकूंनी फोन हातात घेतला. "मीनल, शुक्रवारी चारला ये. आणि ऐक, गणपतीची पहिली आरती तुझ्या हातची बरं का. मी आले की तुमचंच राज्य." फोन खाली ठेवला, दुसरा लावला. "विभा, मी राहते कपिलकडे, पण मन तुमच्याकडे आहे हो. पहिली आरती तुझीच. सहाला ये शुक्रवारी."

"पहिली आरती दोघींची?" सोफ्यावरून आवाज आला.

"गणपती दहा दिवस असतो. रोज एक पहिली असते."

आता राहिले ब्लाउजपीस. काकूंनी पलंगावरच्या ढिगातून दोन बाजूला काढले. "हा पोपटी, जांभळ्या काठांचा. कोणी दिला गं?"

"मीनलने," मुक्ता म्हणाली.

"आणि हा मोहरीच्या रंगाचा?"

मुक्ता जरा घुटमळली. "विभावरीने. म्हणजे... जुना असेल."

"मग झालं तर! मीनलचा विभावरीला जाईल आणि विभावरीचा मीनलला. दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. कळणार कोणाला? मंडळ फुटल्याचा एवढा तरी फायदा होऊ दे."

"आई, तो पोपटी खरंच नको."

"का नको?"

"नाही... काही नाही. मला बोलावतायत मीटिंगमध्ये." आणि मुक्ता सटकली.

शुक्रवारी काकू नऊवारी नेसल्या. त्यांनी चणे भिजवून फोडणीला टाकले, मसाल्याचं दूध आटवलं आणि चार वाजता त्या दाराकडे तोंड करून बसल्या. ताटात हळद, कुंकू, पानसुपारी आणि घडी घातलेले दोन ब्लाउजपीस, एक पोपटी आणि एक मोहरी. चार वाजले. दुधावर साय आली, ती काकूंनी काढली. थोड्या वेळाने परत आली, परत काढली. पाच वाजून गेले तरी दाराची बेल वाजायचं नाव नाही.

इथेच काकूंचा हिशेब चुकला होता. मंडळ फुटायला निमित्त पुढाऱ्यांचं झालं, पण आत धुमसत होतं ते वेळेवरून. मीनलच्या बायकांचं म्हणणं असं, की आपल्या माणसांकडे जायला घड्याळ कशाला? चार म्हणजे आवरून, मुलांना खायला घालून, जमेल तेव्हा. विभावरीच्या बायकांचं म्हणणं असं, की जर्मनीत राहतो तर जर्मनीसारखं वागावं, आणि सहा म्हणजे सहाला दहा कमी. या एका मुद्द्यावर दोन्ही गटांनी पूर्वी एकमेकांना इतकं सुनावलं होतं, की काकूंना ते पाठ असायला हवं होतं. पण काकू सुनावणाऱ्यांतल्या. ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत.

सहाला दहा कमी असताना खिडकीशी उभी असलेली आठ वर्षांची अन्वी ओरडली, "आज्जी, झी कोमन!" नात मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र जर्मनमध्ये द्यायची.

"कोण येतंय?"

"आल्ले!"

"आल्ले म्हणजे कोण गं?"

"सगळ्या," राजाभाऊंनी पेपरमागून भाषांतर केलं.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आतलं दृश्य बघण्यासारखं होतं. सहा बायका, भरजरी साड्यांत, लिफ्टच्या दोन भिंतींना तोंड करून, एकमेकींना पाठ लावून उभ्या. मीनल एका कोपऱ्यात, विभावरी दुसऱ्या कोपऱ्यात.

"काकू, यांनाही आज बोलावलंय?" मीनलने विचारलं.

"आम्हाला सहाचं आमंत्रण आहे," विभावरी म्हणाली.

"आम्हाला चारचं आहे."

"मग चारला का नाही आलात?"

"आलोच की!"

काकू हसल्या. खानावळीत वरण संपलं आणि पंगत दारात असली की हसायच्या, तसं हसल्या. "या, या. म्हटलं सगळ्यांनी एकत्रच यावं. बसा." मंडळ सोफ्याच्या बाजूला बसलं, मूळ मंडळ खिडकीच्या बाजूला. मध्ये गालिचा. गालिच्यावरून कोणी पाय पुढे टाकेना.

हळद झाली, कुंकू झालं. आता ओटी. काकूंनी ताट उचललं आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

ठरल्याप्रमाणे पोपटी विभावरीच्या ओटीत घालावा, तर तो मीनलने दिलेला. ती समोर बसून डोळे वटारून बघणार. मोहरी मीनलच्या ओटीत घालावा, तर तो विभावरीचा. बरं, उलटं करावं, तर जिचा तिलाच परत. म्हणजे दोघींना साभार परत पाठवल्यासारखं. आणि ओटीच भरायची नाही? श्रावणातल्या शुक्रवारी, घरी आलेल्या सवाष्णीची? तशी वेळ यायच्या आधी काकूंनी अध्यक्षपद सशांना देऊन टाकलं असतं.

"अहो," काकू गोड आवाजात म्हणाल्या. घरात हा आवाज क्वचित निघायचा, त्यामुळे राजाभाऊ दचकलेच. "आतून जरा दुसरे दोन आणता का?"

"दुसरे दोन काय?"

"ते हो. पलंगावरचे."

राजाभाऊ आत गेले. पन्नास वर्षांच्या संसारात ते एक गोष्ट शिकले होते: एक वस्तू आणली तर ती चुकीची असते. म्हणून ते सगळं आणायचे. त्यांनी अख्खी पिशवी आणली आणि काकूंनी "थांबा!" म्हणायच्या आत ती गालिच्यावर उपडी केली. "यातले कुठले दोन?"

खोलीत असं काही शांत झालं, की स्वयंपाकघरात दुधावर साय धरताना ऐकू आली असती.

गालिच्यावर इंगोलश्टाटमधली गेल्या कित्येक वर्षांची बारशी, डोहाळजेवणं, वास्तुशांती पसरली होती. बायका पुढे वाकल्या. आधी एक, मग दुसरी, मग सगळ्या, आणि बघता बघता गालिच्याची सीमा पुसली गेली.

"अय्या, हा तर माझा! मुक्ताला दिलेला!"

"आणि हा मी! घडीसुद्धा मोडली नाहीये!"

मीनलची नजर मात्र ताटातल्या पोपटीवर खिळली होती. "काकू, हा मी मुक्ताला दिला होता. हा तुम्ही विभावरीला देणार होतात?"

काकू कोंडीत सापडल्या होत्या. आणि कोंडीत सापडलं की काकू एकच गोष्ट करायच्या. त्यांनी पोपटी ब्लाउजपीस उचलून सगळ्यांसमोर झेंड्यासारखा धरला. "तू दिलास ना? बरं झालं कबूल केलंस! बघा गं सगळ्या. पोपटी रंग, त्याला जांभळे काठ! असला कपडा विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असणार आणि मनात कंजुषी. दुसरं काही नाही."

"मी कुठे विकत घेतला?" मीनल लालेलाल झाली. "मला कादंबरीने दिला!"

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. कादंबरी खिडकीच्या बाजूची होती. कट्टर मूळ मंडळवाली.

"कादंबरी?" विभावरी म्हणाली. "तू मीनलची ओटी भरलीस? कधी?"

"चैत्रात आली होती माझ्याकडे," कादंबरी पुटपुटली. "कैरीची डाळ खायला. श्रीनाथला नका सांगू प्लीज."

"म्हणजे तू चोरून यांना भेटतेस?"

"आणि तू नाही भेटत? दर गुरुवारी मुक्ताबरोबर पोहायला कोण जातं? मी पाहिलंय तुम्हाला तिथे!"

काकूंनी सावकाश मान वळवून सुनेकडे पाहिलं. "गुरुवारी तर तुझी मीटिंग असते ना संध्याकाळची?"

"म्यूटवर असायचे, आई," मुक्ता जमिनीकडे बघत म्हणाली.

मग एकेकीचं बाहेर यायला लागलं. कोण कोणाच्या मुलाला शाळेतून आणायचं, कोण कोणाकडून गोडा मसाला न्यायचं. बायकांचं मंडळ फुटलंच नव्हतं. नुसतं नवऱ्यांना सांगितलं नव्हतं. काकूंना ज्यांना जोडायचं होतं त्या केव्हाच जोडलेल्या होत्या, आणि ही गोष्ट काकूंना सोडून सगळ्यांना ठाऊक होती. दुसरी एखादी बाई इथे गप्प बसली असती आणि इज्जत वाचवून दूध वाटायला लागली असती. काकू पुढे सरसावल्या.

"ते सगळं राहू दे! मुद्द्याचं बोला. कादंबरी, तुला हा पोपटी कोणी दिला?"

"विभावरीने."

"विभा, आणि तुला? बोल, घाबरू नकोस. मूळ गुन्हेगार आज सापडलाच पाहिजे."

विभावरीने मान खाली घातली. "काकू, राहू द्या ना."

"राहू द्या कशाला? मी कोणाच्या बापाला भीत नाही! सांग."

"अन्वीच्या बारशाला," विभावरी अगदी हळू म्हणाली. "तुम्ही पुण्याहून आला होतात. तुम्हीच माझी ओटी भरली होतीत."

काकूंच्या हातातला झेंडा आपोआप खाली आला. आठवलं. लख्ख आठवलं. बारशासाठी घाऊक दुकानातून गठ्ठा उचलला होता. दुकानदार स्वतः म्हणाला होता, मावशी, हा रंग खपत नाही, घेऊन टाका. सुतळीसुद्धा न सोडता त्यांनी तो गठ्ठा विमानात घातला होता. तिथून निघून, आठ वर्षं, फुटलेल्या मंडळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून, मोतीबिंदू आणि कंजुषी दोन्ही परत त्यांच्याच हातात आली होती.

"आणि काकू," मीनल आता सोडणार नव्हती, "पहिली आरती माझी म्हणाला होतात."

"अगं, माझी म्हणाल्या होत्या," विभावरी म्हणाली.

"गणपती दहा दिवस असतो," राजाभाऊंना मदत करावीशी वाटली. "रोज एक पहिली असते, असं ही म्हणत होती."

पहिल्यांदा मुक्ताला हसू फुटलं. तिने पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. मग कादंबरी. मग मीनल आणि विभावरी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून अशा हसायला लागल्या, की कुंकू एकीचं दुसरीच्या गालाला लागलं.

काकू दुधाचं पातेलं बघायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेल्या. कान तापले होते. तीस वर्षांत कधी आमटीत मीठ दोनदा पडलं असेल, कधी भातात खडा निघाला असेल. काकूंनी मान खाली घातली नव्हती. समोरच्यालाच खडे चावायला शिकवलं होतं. आज मात्र ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि मान काही वर येईना. बाहेरच्या प्रत्येक हास्याबरोबर त्यांना वाटत होतं, हा गॅस तरी मोठा करावा, म्हणजे आवाज कमी ऐकू येईल.

थोड्या वेळाने त्यांनी किलकिल्या खिडकीतून खाली पाहिलं. कपिल प्लांटमधून आला होता आणि गाडीजवळ उभा होता. दोन गाड्या सोडून श्रीनाथ, विभावरीला न्यायला आलेला. दोघे आपापल्या फोनमध्ये डोकं घालून. आणि दोघांच्या मधोमध राजाभाऊ, घरातून पळून आलेले, दोन्ही हातांनी काहीतरी भरभरून सांगत होते. काय सांगत होते ते विचारायला नको होतं. हवेत पिशवी उपडी झाली, तेवढ्यावरून कळलं.

श्रीनाथने फोन खिशात टाकला. एक हात कमरेवर ठेवला, नसलेला पदर खोचला, दुसऱ्या हाताने हवेत एक अदृश्य ब्लाउजपीस झेंड्यासारखा धरला आणि हुबेहूब काकूंच्या आवाजात गरजला, "मूळ गुन्हेगार आज सापडलाच पाहिजे!"

कपिल गाडीच्या बॉनेटवर आडवा झाला. हसता हसता त्याने श्रीनाथचा दंड धरला, नाहीतर तो पडला असता. "थांब, थांब! ते 'मोतीबिंदू' करून दाखव!"

काकूंनी खिडकी धाडकन सताड उघडली. "ए अर्धी पोळी!" हे शब्द दातांपर्यंत आले होते. खाली श्रीनाथ मोतीबिंदू करत होता आणि कपिलने दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. काकूंनी खिडकी लावली. हळूच, आवाज न करता.

रविवारी सकाळी कपिल म्हणाला, "आई, नाव मागे घे ना."

"दिलेलं मागे घेत नाही मी."

"नको घेऊस," राजाभाऊ म्हणाले. "आपोआप फिरून येतं."

हॉलवर काकू शेवटच्या रांगेत बसल्या. जन्मात त्या शेवटच्या रांगेत बसल्या नव्हत्या. तिथून लोकांच्या नुसत्या पाठी दिसतात हेही त्यांना नवीन होतं. दोन्ही गट आपापल्याकडचं सामान घेऊन आले होते. मखर, समई, पाट सगळं एका टेबलावर. पोपटी ब्लाउजपीसही कोणीतरी आणला होता आणि गणपतीच्या पाटावर अंथरून ठेवला होता. आता तो कोणाला पुढे सरकवता येणार नव्हता.

हेर ब्रुनर टेबलामागे उभे राहिले. पहिलं नाव काकूंचंच होतं.

"यांच्या बाजूने कोण?"

एकही हात वर गेला नाही. 'काकूच पाहिजेत' लिहिणारा गृहस्थ बुटाची नाडी बांधायला वाकला.

"विरोधात?"

सगळे हात वर गेले. मीनलचा, विभावरीचा, कादंबरीचा. मुक्ताचा हात अर्धाच होता, पण होता. राजाभाऊंचा तर सगळ्यांत आधी गेला होता. तिसऱ्या रांगेत कपिल आणि श्रीनाथ खुर्चीला खुर्ची लावून बसले होते, त्यांचे दोन हात एकदम वर गेले, खानावळीत आमटी मागताना जायचे तसे.

हेर ब्रुनरनी हात मोजले. पुन्हा मोजले. त्यांचा आकडा जुळेना. एक मत कुठेच नव्हतं. ते चष्म्यावरून शेवटच्या रांगेकडे बघायला लागले आणि मग अख्खा हॉल वळून बघायला लागला.

काकूंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला हॉलसकट पोटात घ्यावं. पण जर्मनीतली जमीन, परवानगीशिवाय कशाला दुभंगते! त्यांनी पदर सावरला. समोर ते दोन हात अजून वर होते, एकमेकांना टेकलेले. काकूंनी आपला हात वर केला. स्वतःच्या विरोधात.

"आइनश्टिमिश!" हेर ब्रुनर आनंदाने ओरडले. म्हणजे एकमताने. इतक्या वर्षांत या हॉलमध्ये कुठल्याच मंडळाचं एकमत झालेलं नाही, ते सांगत होते, ससेवाल्यांचं तर नाहीच नाही. त्यांनी इथल्या पद्धतीप्रमाणे टाळ्यांऐवजी बोटांनी टेबल वाजवलं. सगळ्यांनी खुर्च्या वाजवल्या. एकदा एकमताची चव लागल्यावर पुढचं सोपं गेलं. विभावरी अध्यक्ष, मीनल उपाध्यक्ष, पहिली आरती दोघींनी एकच ताट धरून करायची, आणि वेळ सहाची. ज्यांना चारची सांगायची त्यांना चारची सांगायची.

राजाभाऊ शेजारी येऊन बसले. "आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांचं तुझ्याशी पटलं," ते कुजबुजले.

काकूंच्या जिभेवर उत्तर आलं होतं. चांगलं झणझणीत, तीन पिढ्यांना पुरेल असं. तेवढ्यात पुढून 'खण्ण' असा आवाज झाला. कपिलने खिशातून किल्ल्यांवाली झांज काढली होती, श्रीनाथने त्याच्याकडची, आणि दोघे जोडी जुळते का बघत होते. रविवारी इथे आवाज करायला बंदी, म्हणून हेर ब्रुनर कानांवर हात ठेवून रविवार आहे, रविवार आहे म्हणून ओरडत होते. खण्ण, परत खण्ण.

काकूंनी उत्तर गिळलं.

"अहो," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मटकी भिजत घातलीय. आज तुम्हाला दुसरी वाटी मिळायची नाही."